न चाखलेलं मीठ

कटाच्या आमटीवर आईची मिठाची चिमूट क्षणभर थांबली. मी पटकन चमचा पुढे केला, "थांब, मी चाखून सांगते."

कॅन्सरमुळे आईची किडनी काढून कितीतरी वर्षं झाल्यावर तोच कॅन्सर यंदा जिभेवर निघाला. असं क्वचितच होतं, असं डॉक्टरही म्हणाले. उपचारांत तिची चव पार गेली.

"गौरींचा नैवेद्य उष्टा करतेस?" आई डाफरली. "सणाच्या दिवशी कधी चाखून मीठ घातलंय मी?"

खरंच की! अख्खं शरीर धुंडाळून त्या रोगाने नेमकी जीभ गाठली, सुगरणीला नमवायला बहुधा. पण तिचं मीठ तर बोटांत होतं.

जेवताना मी वाटी दुसऱ्यांदा पुढे केली. मीठ कसं झालंय, हे आईने विचारलंसुद्धा नाही.