तिकडून ठेवला

नाशिकला गंगापूर रोडवर एका इमारतीच्या तळघरात माझं सायबर कॅफे होतं. पुढे सहा कॉम्प्युटर आणि मागे प्लायवूडच्या पार्टिशनआड सातवा. त्या सातव्याबद्दल मी आजवर कुणाशी नीट बोललेलो नाही. बायकोशीही नाही.

सातव्यावरून परदेशात फोन लागत. एका परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर होतं, अमेरिकेतल्या मेव्हण्याच्या कार्डावर खातं उघडलेलं. हेडफोन कानाला लावायचा, कीबोर्डवर नंबर मारायचा, की मस्कतला नाहीतर दुबईला घंटी वाजायची. एसटीडी बूथपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि तेव्हा ते बेकायदा होतं. इंटरनेटवरून पत्र पाठवा, फोटो पाठवा, पण फोन लावायचा नाही, असा नियम होता.

भीती वाटायची. पण तिच्यापेक्षा हौस मोठी होती. एका स्थानिक दैनिकात मी दर आठवड्याला या विषयांवर सदर लिहायचो. मोबाइलवर आलेल्या फोनचेही पैसे पडत त्या दिवसांत मी छातीठोकपणे लिहिलं होतं, की उद्या भाजीवाल्याच्या खिशातही फोन असेल आणि बोलणं जवळजवळ फुकट होईल. द्वारका चौकात ज्या टपरीवर चहा प्यायचो तिथले लोक मला बघितलं की म्हणत, "या, भविष्यवाले! आमच्या म्हशीला कधी येणार मोबाइल?" मी हसायचो, पण मनातून त्यांची कीव करायचो. माणसाच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने समुद्रापार जातो आणि तिकडे पुन्हा जोडून त्याचा आवाज होतो. हे ज्याला कळलं त्याला रात्री झोप कशी येते, असं मला खरंच वाटायचं.

पकडलं जाऊ नये म्हणून मी एक पद्धत बसवली होती. तळघर असल्यामुळे जिन्यावरून येणाऱ्या माणसाचे आधी पाय दिसत. कॉलेजची पोरं, स्लीपर घातलेल्या बायका, सगळे मला पायांवरून कळायचे. मला भीती फक्त तपकिरी, पॉलिश केलेल्या बुटांची. इंटरनेटची टेलिफोन वायर मी काउंटरच्या खालून आणली होती. तसे बूट दिसले की बसल्या जागी हात खाली घालून ती उपसायची. फोन तिथेच मरायचा. असं दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा माणसं साधीच निघाली आणि ज्यांचे फोन तुटले त्यांना मी लगेच परत लावून दिले.

तिसऱ्या वेळेबद्दल लिहायचं आहे.

शुक्रवार होता. आखातात सुट्टीचा दिवस, म्हणून माझ्याकडे दुपारी गर्दी असायची. त्या दिवशी येवल्याहून एक म्हातारा विणकर आला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. एसटीनं आला होता. कुणीतरी माझा पत्ता दिला होता.

"येवल्यात बूथ हाय," तो म्हणाला, "पण तिथं समदी गल्ली कान लावून बसती. मला पोराशी बोलायचंय."

पोरगा मस्कतला इलेक्ट्रिशियन होता. मागावर बसायचं सोडून गेला, म्हणून निघताना बापाने त्याला सांगितलं होतं, माझ्या मयतालाबी येऊ नको. दोन वर्षं झाली होती. पोरगा आईशी बोलायचा, शेजाऱ्यांच्या फोनवर. बापाशी नाही.

"आता पोरीचं लगीन हाय, भाऊ. नवऱ्या मुलाचा कान पिळायला सख्खा भाऊ नको का?"

मी त्याला सातव्यावर बसवलं. हेडफोन टोपीवरून बसेना, टोपी काढून पिशवीत ठेवली. माझी लाइन कधी तुटत नाही, असं त्याला ऐकवलं. आणि प्रत्येकाला सांगायचो तेच सांगितलं: "तुमचा आवाज तिकडे पोहोचायला वेळ लागतो. बोलून झालं की थांबा. कितीही शांत वाटलं तरी हेडफोन काढू नका, मध्ये बोलू नका. तो बोलेलच."

"म्हंजे धीर धरायचा."

"हो, धीर धरायचा."

फोन लागला. "पोरा, मी बोलतोय," असं त्याने म्हटलेलं ऐकून मी काउंटरवर येऊन बसलो. पार्टिशन पातळ होतं, त्याचा आवाज मोठा. "पोरा, माझं," इतकं कानावर आलं आणि जिन्यावर तपकिरी बूट दिसले.

मी वायर उपसली.

माणूस फोन खात्याचा होता. बाहेर जीप उभी. त्याने ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाला, "वरच्या डॉक्टरांच्या लाइनीवर खरखर येते म्हणून तक्रार आहे. तुमची वायर जरा बघू."

आणि आतून म्हाताऱ्याचा आवाज येत राहिला. हेडफोनमध्ये साउंड कार्डची बारीक घरघर चालूच होती, त्यामुळे फोन मेला हे त्याला कळायला मार्ग नव्हता. "माझं चुकलं, बाबा. रागात बोललो. तू मागावर नको बसू. तुला जे करायचं ते कर." थोडा वेळ शांत. मग पुन्हा, "कान पिळायला ये रे. बाकी काय नको मला."

त्या माणसाने पार्टिशनकडे बघितलं. "आत कोण बोलतंय?"

मला हातकड्या दिसत होत्या, पेपरात नाव दिसत होतं, सदरावरचा माझा फोटो दिसत होता. मी म्हणालो, "माझे काका आहेत. डोक्यानं जरा... एकटेच बोलत असतात."

तो चुकचुकला. "आमचे सासरे तसेच आहेत. सांभाळा हो."

मग त्याने वायर तपासली, एक जोड बदलला, चहा घेतला, मुलीला कोणता कॉम्प्युटर घ्यावा ते विचारलं. मी सगळं सविस्तर सांगितलं. वीसेक मिनिटं तरी गेली असतील. तेवढा वेळ आतून एक शब्द आला नाही. म्हातारा मी शिकवल्याप्रमाणे धीर धरून बसला होता.

जीप गेल्याचा आवाज ऐकून मी आत गेलो. त्याने दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले होते.

"भाऊ, अजून काय आवाज आला नाय."

परत लावता आला असता. दोन मिनिटांचं काम. पण जीप वळून येईल, हा माणूस मुद्दाम साधेपणाचं सोंग करून गेला असेल, असं माझ्या डोक्यात घोंघावत होतं. मी म्हणालो, "तिकडून ठेवला त्यांनी."

"समदं ऐकून?"

"हो."

पहिलं वाक्य भीतीने निघालं, असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आलो. तो "हो" मात्र मला कुठेच बसवता येत नाही. माझी लाइन कधी तुटत नाही, हे मीच त्याला ऐकवलं होतं. कदाचित तेवढ्यासाठी.

त्याने टोपी घातली. "बरं झालं," म्हणाला. "कळलं तरी." मी पैसे घेतले नाहीत, त्यावरून थोडी ओढाताण झाली. मग तो जिना चढून गेला.

दहा-बारा दिवसांनी पेपरात बातमी आली. दुसऱ्या एका गावात छापा पडून कॉम्प्युटर उचलून नेले होते. मी त्याच दिवशी ते सॉफ्टवेअर काढून टाकायला बसलो. केलेल्या फोनच्या यादीत मस्कतचा तो नंबर होता. मी तो लावला. काय बोलणार होतो, ठरवलं नव्हतं. दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"आबा? आबा, मागं कट झाला तुमचा. इथं नंबर दिसत नाय. कुठून बोलताय? बोला ना आबा."

मी फोन तोडला आणि सॉफ्टवेअर पुसलं.

हे करताना घाबरलो होतो, एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्या क्षणी मला कशाची भीती वाटली, तर त्या पोराच्या आवाजाची. पोलिसांची नाही.

पुढे सरकारने इंटरनेटवरून फोन करायला परवानगी दिली. मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले, भाजीवाल्याच्या खिशात फोन आला. टपरीवरचे लोक म्हणाले, "भविष्यवाले, जिंकलात की!" मी सदर केव्हाच बंद केलं होतं. कॅफे विकून एका कंपनीत टेलिकॉम सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागलो. तुटलेल्या प्रत्येक फोनमागे एक नोंद असते: करणाऱ्याने ठेवला, घेणाऱ्याने ठेवला, की मध्येच कुठे बिघडलं. ही नोंद चुकली तर आम्ही ती शोधून दुरुस्त करायची. दिवसभर मी हेच करायचो आणि घरचा फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. बायको म्हणायची, "अहो, उचला की. खाणार आहे का तो तुम्हाला?"

एका रविवारी मी येवल्याची एसटी धरली. सात वर्षं उलटली होती. म्हातारा नसेलच, अशी एक आशा मनात होती. हेही लिहून टाकतो.

विणकरांच्या गल्लीत "मस्कतवाल्याचं घर" म्हटल्यावर लगेच दाखवलं. म्हातारा ओट्यावर बसला होता. नजर अधू झालेली. मी कोण ते सांगितलं.

"मशीनवाले का?" तो म्हणाला आणि आत हाक मारली, "अगं, चहा ठेव. नाशिकचे आलेत."

मी चहाची वाट बघितली नाही. बूट, वायर, काका, "हो", सगळं सांगितलं. तुमचं बोलणं पोहोचलंच नाही, पोराने "पोरा, माझं" एवढंच ऐकलं, असं सांगितलं. मग मी स्वतः लावलेल्या फोनचंही सांगितलं.

त्याची बायको दारात येऊन उभी होती, हातात चिमटा. बोलली ती.

"पोरगं तवापासनं सांगतंय, आई, फोन कट झाला, आबांना सांग. मी ह्यांना सांगितलं. एकदा नाय, धा वेळा सांगितलं. तर हे काय म्हनायचे? खोटं बोलतो. मशीनवाल्यानं सांगितलं, समदं ऐकून ठेवला. मशीनवाला कशाला खोटं बोलंल?"

लग्नात नवऱ्या मुलाचा कान चुलतभावाने पिळला होता. पोराने पुढे परस्पर लग्न केलं. दर दोन वर्षांनी यायचा, सासुरवाडीला उतरायचा, आईला देवळात भेटून जायचा.

म्हाताऱ्याने मला मारावं असं वाटत होतं. तो म्हणाला, "म्हंजे मी बोललोच नाय."

"बोललात. पोहोचलं नाही."

"येकच झालं." त्याचे ओठ हलत होते. "तवा लय हिय्या केला होता, भाऊ. येष्टीत घोकत आलो होतो. आता परत बोलायचं म्हंजे..."

मला वाटत होतं, भीती माझ्या एकट्याच्या मालकीची आहे. त्याच्या चेहऱ्यावर ती बघितली आणि मला तिथे बसवेना.

बाईने फळीवरचा मोबाइल घेतला. पोराने पाठवलेला होता. तिला नंबर पाठ होता. बटणं दाबून तिने तो नवऱ्याच्या कानाला लावला. "धरा," म्हणाली. "त्यानं उचलला की बोला. थांबू नका."

मी ओट्यावरून उतरून गल्लीत उभा राहिलो. "हॅलो," असा म्हाताऱ्याचा आवाज आला. मग काही नाही. पुन्हा "हॅलो." मग नुसती शांतता. मी खिशातला मोबाइल काढून बघितला, इथे रेंज आहे का. दोन काड्या होत्या. एक झाली. पुन्हा दोन झाल्या. आत जाऊन फोन हातात घ्यावा असं शंभरदा वाटलं, पण पाय उचलला नाही.

शेवटी बाई दारात आली. चिमटा अजून तिच्या हातातच होता.

"जावा तुम्ही आता," ती म्हणाली. "बोलतायत ते."