पाच दिवसांचं अंतर

आमच्या प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘अंघोळे’ म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. पण दिवसाला तीन अंघोळी करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरताना एक, बाहेर येताना दुसरी, आणि नंतर डुकरांकडे जायचं असलं तर तिसरी. आतले कपडे वेगळे, बाहेरचे वेगळे, चपलासुद्धा वेगळ्या. मी दाराशी खिडकीत बसून नोंदवही ठेवत असे. ओले केस पुसत तो समोर उभा राही. "लिहा बाई, अंघोळ झाली. साबण संपला, तेही लिहा."

त्या वर्षांच्या डायऱ्या चाळताना लाल साबणाचा तो उग्र वास अजून नाकात शिरतो.

कोंबड्या आणि डुकरांच्या विषाणूरोगांवर तिथे लशींचं संशोधन चाले. संशोधन डॉक्टरबाईंचं, अक्षर माझं आणि जनावरं अंघोळेची. इंजेक्शन देण्याआधी तो डुकराला कानामागे इतका वेळ खाजवी, की ते डोळे मिटून अंग सैल सोडी. मग सुई कधी टोचली ते त्याला कळतही नसे.

नोकरीची एक अट होती. शेडमधून बाहेर पडल्यावर पाच दिवस बाहेरच्या कुठल्याही कोंबडीजवळ जायचं नाही. कितीही अंग घासलं तरी विषाणू नखांत, केसांत राहू शकतो. आम्हा बाकीच्यांना या अटीचं काहीच ओझं नव्हतं. पण अंघोळेच्या ताईकडे वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. आईवडिलांमागे तिनंच त्याला लहानाचं मोठं केलेलं. घर दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि आठवड्याला सुट्टी एकच. पाच दिवस भरणार कसे? वर्षाच्या रजेतले पहिले पाच दिवस तो आपल्या खोलीत नुसता बसून काढी आणि उरलेले चार ताईकडे. एरवी तिच्या फाटकाबाहेर उभा.

एकदा बाजारातून येताना मी दोघांना बोलताना ऐकलं.

"काय रे, आज किती अंघोळी झाल्या? रंग काही उजळलेला दिसत नाही."

"दोन."

"माझ्या कोंबड्या चावतात का तुला?"

"मला नाही गं. माझ्यापासून त्यांना धोका आहे."

"अगंबाई! एवढा विषारी कधी झालास तू? मी तर तुला दूधच पाजलं होतं."

दोघंही हसले. मग तिनं फाटकावरून त्याच्या हातात डबा दिला आणि तो तिथेच, रस्त्यावर उभा राहून जेवला.

असं चौदा वर्षं चाललं.

मग एका सकाळी माझ्या खिडकीतला फोन वाजला. ताईची शेजारीण बोलत होती. ताई अंगणात घसरून पडली होती, पाय हलवता येत नव्हता, आणि शेजारणीला ती एकटीनं उचलवत नव्हती. अंघोळे नुकताच शेडमधून बाहेर आला होता. मी निरोप दिला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो धावत सुटला. अंगणात कोंबड्यांच्या गराड्यातून त्यानं ताईला उचललं आणि दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाहेरच्या पक्ष्यांशी संपर्क?"

"नाही," तो माझ्या पेनाकडे बघत म्हणाला.

मला सगळं ठाऊक होतं. तरी मी ‘नाही’ लिहिलं.

सहाव्या दिवशी ताईच्या कोंबड्या माना वाकड्या करून गोल फिरू लागल्या. मानमोडी. दोन दिवसांत नऊ मेल्या. हाच रोग आमच्या शेडमध्ये होता. दहावी मेलेली कोंबडी पिशवीत बांधून अंघोळे थेट डॉक्टरबाईंपुढे उभा राहिला.

"ही कोणाची? हिच्याजवळ कोण कोण गेलं होतं?" त्यांनी विचारलं.

"ताईची. मी गेलो होतो, बाई. शेडमधून निघालो आणि तसाच गेलो. मीच मारल्या या."

डॉक्टरबाईंनी माझी वही मागवली, ते ‘नाही’ पाहिलं आणि वही मिटली. मला एवढंच म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांनी त्या कोंबडीतला नमुना, आत पिलं वाढत असलेल्या बारा अंड्यांत टोचला. आमच्या शेडमधला विषाणू अंड्यातल्या पिलाला दोन दिवसांत मारी. त्याला त्याहून जास्त वेळ लागलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. बुधवारी दुपारपर्यंत पिलं मेली, तर दोष आमचा, म्हणजे अंघोळेचा. जगली, तर रोग दुसरीकडून आला.

त्याला शेडबंदी झाली होती. दोन्ही दिवस तो माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसून होता. पायाला प्लास्टर घालून ताई घरी परतली होती; रोज संध्याकाळी तो तिच्या फाटकाशी जाऊन येई.

"ताई काय म्हणते?" मी विचारलं.

"बोलतच नाही. मी म्हटलं, चूक झाली माझी, मी यायला नको होतं. तर म्हणाली, मला चिखलातून उचललंस ती चूक होय? मग कोंबड्यांचंच सुतक धर, माझ्याशी बोलू नकोस."

बुधवारी दुपारी बारा वाजता डॉक्टरबाईंनी मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. अंघोळे दारातूनच म्हणाला, "तुम्ही बघा बाई. माझ्याच्यानं होणार नाही." दिव्यावर धरलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं होतं, आणि त्यात पिलाचा काळा ठिपका हलत होता. बाराही अंड्यांत हलत होता. संध्याकाळी पाचलाही हलत होता. पिलं मरू लागली ती गुरुवारी, अकरा वाजून गेल्यावर.

"हा आपला नव्हे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आपला विषाणू एवढा दम धरत नाही." नंतर कळलं, ताई पडली त्याच आठवड्यात शेजारणीनं बाजारातून दोन नव्या कोंबड्या आणल्या होत्या आणि त्या कुंपणाखालून येत-जात होत्या.

अंघोळे भिंतीला टेकून खाली बसला.

"रोग तू नेला नाहीस," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "पण नोंद खोटी आहे ती आहेच. शेडमध्ये आता तुला घेता येणार नाही. पाच दिवस भरले की तू बाहेर, लस द्यायला." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही त्याच्याबरोबर. बघू, तिथे तरी खरं लिहिता का."

डुकरांचा निरोप घ्यायलाही त्याला आत जाता आलं नाही. जाळीबाहेरून नुसता बघत राहिला.

पाच दिवस भरल्यावर आम्ही घरोघरी निघालो. त्याच्या खांद्याला बर्फाची पेटी, माझ्या हातात वही. तिसरं घर ताईचं. ती कुबडी घेऊन दारात उभी होती. उरलेल्या अकरा कोंबड्यांपैकी एकेक तिनं काखेत धरायची आणि त्यानं तिच्या डोळ्यात लशीचा थेंब टाकायचा. कोंबडीनं डोळा मिचकावला की सोडायची. शेवटची सोडल्यावर त्यानं पेटीचं झाकण लावलं.

"निघालास?" ताई म्हणाली.

"पुढची घरं आहेत."

"पळून चाललीत का ती? माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून दे आधी. सहा महिने झाले, कोणाचा हात पोचत नाही."

तो स्वयंपाकघरात गेला आणि स्टुलावर चढला. मी वही मिटून उंबऱ्याशी थांबले.

"तो नाही रे, त्याच्या मागचा," ताई खालून सांगत होती. "आणि चढलाच आहेस तर ती जळमटंही काढ."