खाली कोण झोपतंय?

राजारामपुरीतल्या आमच्या दवाखान्याच्या गच्चीवर एसीचं मोठं युनिट बसवायचं होतं. नव्वदीच्या अखेरची गोष्ट. गल्ली अडवून क्रेन उभी होती, रिक्षावाले हॉर्न मारत होते, आणि दवाखान्याचा मॅनेजर म्हणून शिव्या मी खात होतो. फिटर मात्र जिन्यात चपला काढून गच्चीवर अनवाणी फिरत होता. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. त्याचं नाव मी विचारलंच नाही.

"हितं खाली कोण झोपतंय?" त्यानं विचारलं.

"पेशंट. दोन नंबरची खोली."

त्यानं हातोडी माझ्या हातात दिली, स्लॅबवर ठोकत राहायला सांगितलं आणि खाली गेला. सिस्टर नंतर म्हणाली, त्या खोलीतल्या रिकाम्या खाटेवर तो डोळे मिटून पडला होता.

वर येऊन म्हणाला, "हितं न्हाय. जिन्याकडं घेऊया."

म्हणजे क्रेन मागच्या गल्लीत न्यायची! मी भडकलो. "अहो, थोडा आवाज येणारच की!"

तो माझ्याकडून परत घेतलेली हातोडी पुसत राहिला. मग हळू म्हणाला, "पावणं, माझा बा दवाखान्यातच गेला. शेवटाला कायतरी बोलत हुता. वर मशीन घुरघुरत हुतं. मला ऐकूच आलं न्हाय."

युनिट जिन्याकडं बसलं.

आठ वर्षांनी त्याच खोलीत माझी आई होती. एका दुपारी तिचे ओठ हलले, मी वाकलो.

"गॅसवरचं दूध बघ," ती म्हणाली. मग काहीच नाही.

वर मशीन चालू होतं. मला शब्दन् शब्द ऐकू आला.