पाचवा रकाना

भाऊसाहेब पाणी प्यायला उठले तरी सांगून उठायचे. "जरा माठाकडं जाऊन आलो," असं शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे आणि मगच खुर्ची मागं सारायचे. माठ त्यांच्यापासून दहा पावलांवर. परत आले की पुन्हा, "आलो बरं का." मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतोय.

वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कंपनीत ते ऑफिसचा सगळा कारभार बघायचे. टेबलावर 'प्रशासन अधिकारी' अशी पाटी होती, पण बिडकीनच्या शेतकरी घरातला हा उंच, काटक माणूस सगळ्यांसाठी भाऊसाहेबच. मी फर्दापूरहून नुकतीच आले होते आणि सिडकोत एक खोली भाड्यानं घेऊन एकटीच राहत होते. मला त्यांच्या हाताखाली दिलं, तर पहिल्या दिवशी त्यांनी काम काही शिकवलंच नाही. नुसतं ऑफिसभर फिरवलं. गळका नळ, डुगडुगणारी खुर्ची, मीटिंगच्या खोलीतलं बंद पडलेलं घड्याळ, सगळं दाखवलं आणि म्हणाले, "रोज सकाळी असंच फिरायचं. लोकांनी बोंब मारायच्या आधी आपल्याला खबर पाहिजे. ऑफिस नीट चाललंय हे कधी समजावं? दिवसभर आपलं नाव कुणी घेतलं नाय, तवा."

स्टेशनरीच्या कपाटात कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये ते एक पिवळी चिठ्ठी घालून ठेवायचे. वरचे गठ्ठे संपून चिठ्ठी उघडी पडली की त्याच दिवशी नवीन कागद मागवायचे. "संपल्यावर मागवतो त्याला कारभारी म्हणत नाय," हे वर ऐकवायचे. मी हसत असे, पण माझ्या अख्ख्या नोकरीत कागद संपला म्हणून ऑफिस अडल्याचं मला आठवत नाही.

मात्र त्यांचा खरा जीव होता तो दाराजवळच्या हालचाल रजिस्टरात. बाहेर जाणाऱ्यानं त्यात लिहून जायचं. नाव, कुठे, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ. असं रजिस्टर पुष्कळ ऑफिसांत असतं. भाऊसाहेबांनी त्यात पदरचा पाचवा रकाना आखला होता: 'कोणास सांगितले'. आणि एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, लिहिण्यासारखं काही नसेल तर आडवी रेघ मारायची, हा नियम. मालकही त्यातून सुटले नव्हते. एकदा ते घाईघाईत गाडीत बसले, तर भाऊसाहेब रजिस्टर काखेत मारून गाडीपर्यंत गेले. "साहेब, दौलताबादला चाललात ते दिसतंय मला. सांगितलं कुणाला?" मालक वैतागून म्हणाले, "अहो, तुम्हालाच सांगतोय की आता!" भाऊसाहेबांनी शांतपणे स्वतःचं नाव लिहून घेतलं.

ते रजिस्टर बंद केलं मी. निवृत्तीला त्यांचे चार महिने राहिले होते. दाराला कार्डाचं मशीन आणि मोबाइलवर हजेरी, ही माझी सूचना. मालकांना ती आवडली आणि मीही दोन बोटं उंच झाले. भाऊसाहेब एवढंच म्हणाले, "मशीनला माणूस गेला हे कळंल. कुणाला सांगून गेला हे कसं कळंल गं?" मला ते म्हाताऱ्या माणसाचं अडून बसणं वाटलं. शेवटच्या दिवशी त्यांनी ते अर्धं कोरं रजिस्टर घरी न्यायची परवानगी मागितली, आणि त्यासाठीसुद्धा माझ्याकडून रीतसर गेटपास करून घेतला.

"येत जाईन हं," असं मी म्हटलं होतं. पण दीड वर्ष मी गेलेच नाही. गेले तेही इमारतीचा जुना नकाशा कुठल्या कपाटात आहे ते विचारायला. सिडकोतच, माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर त्यांचं घर. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. नकाशा कुठे आहे ते त्यांनी डोळे मिटून सांगितलं आणि चहा ठेवायला आत गेले. दाराजवळच्या खिळ्याला तेच रजिस्टर टांगलं होतं. मी सहज उघडलं.

'दूध. ६.४०. ७.०५.' 'भाजी.' 'दवाखाना, बी.पी.' 'बिडकीन, पुतण्याकडे.' त्यांचं वळणदार अक्षर, पानामागून पान. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, पाचव्या रकान्यात, आडवी रेघ. दीड वर्षाच्या नुसत्या रेघा. मला ते बघवेना.

चहा घेऊन आले तेव्हा रजिस्टर माझ्या हातातच होतं. ते समोर बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले. "नवीन नोकरी व्हती. मोबाइल नव्हते तवा. हापिसाचं बाहेरगावचं काम लवकर उरकलं म्हणून कुणाला न सांगता दोस्ताकडं गेलो, फर्दापूरला, तुमच्याच गावाला. इकडं हिला दवाखान्यात नेलं. शेजाऱ्यांनी ऑफिसात फोनावर फोन केले. मी कुठं हाय, कुणालाच ठाऊक नाय. सांजच्याला आलो तवा सगळं आटपलं व्हतं." कप बाजूला सारत म्हणाले, "शेवटपर्यंत विचारत व्हती म्हणं, हे कुठं गेलेत."

मी बंद केलं ते नुसतं रजिस्टर नव्हतं. "उद्यापासून मला सांगत जा," मी म्हटलं. "तुला कशाला तरास?" "मलाही घरातून निघताना सांगायला कुणी नाही, भाऊसाहेब."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोबाइल वाजला. 'दूध आणायला निघालो.' मग 'आलो.' मी लिहायची, 'बरं.' तासाभरानं माझं 'निघाले' जायचं आणि त्यांचं 'बरं' यायचं. याहून जास्त आम्ही क्वचितच लिहिलं. पण माझ्या त्या खोलीचं दार लावताना पहिल्यांदाच वाटायला लागलं, की आपण निघालो हे कुणाला तरी ठाऊक आहे.

गेल्या थंडीत एका सकाळी 'निघालो' आलं आणि 'आलो' आलंच नाही. मी फोन केले, कुणी उचलेना. तशीच घरातून निघून रिक्षानं त्यांच्या दूधवाल्याकडे गेले. तो दुकानाबाहेरच उभा होता. "काका को चक्कर आया ना, अब्बीच ले गये. सामने के दवाखाने में."

ते पलंगावर होते, नाकातोंडावर ऑक्सिजन. मला बघून डोळे भरले त्यांचे. मग एका हातानं मास्क बाजूला केला.

"कुणाला सांगून आलीस?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "आधी फोन कर," ते म्हणाले. तिथंच उभी राहून मी ऑफिसला फोन केला, मी कुठं आहे आणि कुणाजवळ आहे ते सांगितलं. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले. दुपारी ते गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता.

तेराव्यानंतर पुतण्या रजिस्टर घेऊन आला. "काकानं सांगून ठेवलं व्हतं, हे ताईला द्या म्हणून." शेवटची ओळ, 'दूध. ६.४०.' परतल्याची वेळ कोरी, पाचव्या रकान्यात माझं नाव. आदल्या कितीतरी पानांवर तेच नाव, एकाखाली एक. त्या कोऱ्या जागी नियमाप्रमाणे रेघ मारायला हवी होती. माझ्यानं ती मारवली नाही.

रजिस्टर आता माझ्या दाराजवळ टांगलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओळीखाली माझं नाव लिहिलं. कुठे, ऑफिस. निघाल्याची वेळ, आठ दहा. मोबाइल काढून उगाच एकदा बघितला. मग पाचव्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि दार ओढून घेतलं.