वाळूवरची साय

"ठाण्याला जा आणि पाणी गाळायला शिकून या," असे आमच्या म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांनी सांगितले तेव्हा मला हसूच आले. पाणी गाळणे ते काय शिकायचे? फडके घ्या, घागरीच्या तोंडाला बांधा! पण घाटावरच्या आमच्या लहानशा गावात गेल्या श्रावणात नदीच्या पाण्यातून आलेल्या पटकीच्या साथीने माणसे नेली, आणि त्यांत माझ्या थोरल्या भावाची सहा वर्षांची मनूही गेली. म्हणून तर नदीकाठी वाळूचे दोन हौद बांधले होते, आणि ते सांभाळायचे काम शाळेतली मास्तरकी सोडवून मला दिले होते. निघताना वहिनी धाकट्या बाळाला कडेवर घेऊन दारात आल्या. "भाऊजी, नीट शिकून या हं," एवढेच म्हणाल्या. माझे हसू तिथेच जिरले.

माघ सरता सरता आगगाडीत बसलो. कोणी याच वाटेने येणार असाल तर सांगून ठेवतो: घाट उतरताना खिडकीशी बसू नका, कोळशाची कणी डोळ्यात जाते. माझा एक डोळा कसाऱ्यापासून लाल! कल्याणला गाडी बराच वेळ थांबते, तेवढ्यात दशम्या खाऊन घ्याव्यात. पुढे डोंबिवलीला नुकतेच स्टेशन झाले आहे. भोवती नुसती भाताची खाचरे. "इथे कोण उतरणार हो?" असे मी शेजारच्या गृहस्थांना विचारले. "मी," असे म्हणून ते खरोखरच उतरले!

ठाण्यात तळ्याजवळच्या खानावळीत सोय झाली. दोन आण्यांत पोटभर जेवण, भात मात्र कोकणी पद्धतीचा, भाकरीची आठवण काढू नये. तिथल्या पाणी गाळायच्या हौदांवर धर्मा मुकादम भेटला. हा कोलशेतचा आगरी, जन्म मिठागरात गेलेला. अक्षरओळख नाही, पण हौदाच्या कडेला उकिडवा बसून पाण्याच्या आवाजावरून सांगायचा, "आज वालू दमलीय."

गोष्ट अशी. तलावाचे पाणी वाळूवर सोडतात, ते मुरत मुरत तळाच्या नळात उतरते. काही दिवसांनी वाळूवर हिरवट बुळबुळीत थर धरतो. दुधावर साय धरावी तसा. तो फार जाड झाला की पाणी उतरेनासे होते. मग हौद रिकामा करून तेवढाच वरचा थर फळीने काढायचा. एक हौद असाच रिकामा केला होता, आणि मला ती घाण बघवेना. धर्मा जेवायला गेला होता, तेवढ्यात मी धोतर खोचले आणि चांगली वीतभर वाळू उपसली, उरलेली बादल्या ओतून घासली. लखलखीत!

धर्मा आला आणि कपाळाला हात लावून उभाच राहिला. "मास्तर, हौद पार उघडानागरा केलात तुमी!"

"अरे, घाण काढली!"

"घान नाय ती. तीच पानी साफ करते. आता पुन्ना धरंपर्यंत ह्या हौदाचं पानी सगलं गटारात."

असे का होते, हे तिथल्या गोऱ्या इंजिनेरालाही धड सांगता येईना. होते एवढे खरे. त्या हौदाचे नितळ, काचेसारखे पाणी दिवसचे दिवस गटारात वाहताना बघून मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. हाच आगाऊपणा गावी केला असता तर?

दुसरा हौद माझ्या हाती द्यायला धर्मा तयार नव्हता. "आधी मीठ वढा," म्हणाला आणि पहाटेच मला कोलशेतला घेऊन गेला. (उन्हे चढण्याआधी जा, आणि डोक्याला जाड पागोटे हवेच.) खाडीकाठी मिठाचे वाफे, वर मीठ, खाली काळा चिखल. फळी जरा खोल गेली की मीठ काळे. माझ्या पहिल्या ढिगाकडे बघून धर्माची बायको हिराबाई पदर तोंडाला लावून हसली. "मास्तर, ह्ये मीठ हाय का कोलसा?"

चार दिवस मी कोळसाच काढला. पाठ मोडली, तळहाताची सालटी निघाली. हिराबाई मात्र गप्पा मारत, नजर दुसरीकडेच, पांढरे शुभ्र मीठ ओढत जायची. काय हात त्या बाईचा! मी वीस वर्षे पोरांच्या हातावर छड्या मारल्या, पण हात शिकवतात कसा हे तिच्याकडे पाहिले. "दाबू नका, फली तिच्या वजनानं जाव द्या," ती म्हणायची. पाचव्या दिवशी माझा ढीग पांढरा निघाला. मी लहान पोरासारखा ओरडलो. मग धर्माने दुसरा हौद दिला, आणि बोटाच्या पेरापेक्षाही पातळ थर मी एकसारखा काढला. तो बघून नुसता "हां" म्हणाला. सरकारी दाखल्यापेक्षा मला तो "हां" मोठा वाटतो.

फाल्गुनात परतलो आणि हौद भरले. अध्यक्षांनी मुहूर्त धरला होता पाडव्याचा. पाडव्याला वाळूवर साय जेमतेम दिसू लागली होती. तोरणे लागली, पाणी नितळ आले, वाहवा झाली. मी हात जोडून सांगितले, अजून पिऊ नका. "मास्तर, अपशकुन करता काय?" असे चारचौघांत ऐकून घेतले. नळाची किल्ली मात्र कमरेची सोडली नाही. पाणी ओढ्याला जात राहिले, आणि लोक तोंडावर शिव्या देत राहिले. घरी वहिनी रोज संध्याकाळी विचारायच्या, "आज?" मी म्हणायचो, "आज नको." मग त्या चुलीवर पाणी उकळत ठेवायच्या.

हनुमान जयंतीनंतर चार दिवसांनी मी वाळूवरून हात फिरवला, साय सगळीकडे सारखी लागली, आणि नळ सोडला. पहिली घागर घरी आणली. वहिनींनी वाटीत पाणी काढले. बाळ मांडीवर होते, वाटीकडे हात नाचवत होते. वहिनींनी वाटी माझ्यापुढे धरली.

"आधी तुम्ही."

मी प्यालो. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, बराच वेळ. मग पुन्हा वाटी भरली आणि बाळाच्या ओठांना लावली.