बाकावरची बंदरं

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तेव्हा शाळामास्तर होतो. जऊळक्याच्या स्टेशनावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत असताना बाकावर माझ्याशेजारी एक प्रौढ शेतकरी जोडपं बसलं होतं. मुंबईहून वेंगुर्ल्यापर्यंत आगबोटीनं बंदरं पाहून ते परतले होते आणि घरच्या बैलगाडीसाठी थांबले होते.

बाईनं पदरातले शिंपले बाकावर ओळीनं मांडले आणि एकेकाला हात लावत ती नवऱ्याला विचारू लागली.

"हे हर्णै. इथं काय पाह्यलं?"

"किल्ला."

"आन् रत्नागिरीले?"

"किल्ला."

"अवो, तिथं बत्तीचा मनोरा सांगा."

मी हसलो तसा तो ओशाळला. "बोट हालली तसा मी आडवा झालो, मास्तर. बालदीशिवाय काई दिसलं नाही. आन् गावात सांगून गेलो होतो, साऱ्या बंदरायची गोष्ट पारावर सांगीन म्हनून."

तिनं न कंटाळता पुन्हा पहिल्या शिंपल्यापासून सुरुवात केली.

तेवढ्यात तिचा दीर बैलगाडी घेऊन आला. "वैनी, कसा होता समुद्र?"

"मले कायले इचारता, भाऊजी? मले बोट लागली, मी तं पडूनच होती. सारं यायनंच पाह्यलं."

नवऱ्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग फेटा नीट करून तो गाडीत ताठ बसला आणि भावाला हर्णैपासून सांगू लागला. ती मागं बसून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवत होती.

तिचं नाव मी विचारलं नाही. पण इतक्या आनंदानं खोटं बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.