राख लावून घासलेलं मडकं

संग्रहालयात पुढं चित्रांचं दालन, मधे बाग आणि पार मागं खापरं धुण्याची खोली. लोक चित्रं बघतात, बागेत फोटो काढतात आणि जातात. मागच्या खोलीत मी असायची. जुन्नरकडच्या खोदकामातली जुनी खापरं पोत्यांनी यायची. ती मऊ ब्रशनं धुवायची आणि वर्तमानपत्रावर वाळत घालायची, एवढंच काम.

तेव्हा मी पंचेचाळिशीची. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, लेक नांदायला गेलेली. निरगुडसरच्या घरात बोलायला एक पाल होती, तीही थंडीत दिसेनाशी व्हायची.

अशात पुण्याहून एक संशोधक बाई आली, लेकीच्याच वयाची. एका जवळजवळ अख्ख्या मडक्यावर तिचं काम चाललेलं. रोज अकराला दोन कप चहा घेऊन यायची आणि स्टूल सोडून माझ्याशेजारी खाली बसायची. मडक्याचं काम पुरं व्हायला अजून दोन वर्षं तरी लागतील, म्हणाली होती. मी ती दोन वर्षं मनात जपून ठेवली. त्या अकराच्या चहासाठी मी सकाळी उठून नीट वेणी घालायची. पंचेचाळिशीची बाई चहासाठी नटते! बागेतले माळीभाऊ हटकायचे, "काय वैनी, पावणं येनार हायेत का आज?"

"तुमच्या गुलाबाला लाज वाटावी म्हणून नटले," म्हणायची मी.

एका शुक्रवारी ती पुण्याला निघाली. मडकं टेबलावर, बुडाला काळंकुट्ट. मी विचारलं, "म्याडम, धुऊ का हे?"

"राहू द्या मावशी, मी बघते."

आता आमच्याकडं एखादी बाई 'राहू द्या, मी बघते' म्हणाली, की तिच्या हातातलं काम ओढून घ्यायचं असतं. नाही घेतलं तर चार घरांत बोलणं होतं. मी पडले रीतीभातीची! शनिवारी घरून राख आणि नारळाची शेंडी घेऊन गेले आणि दुपारपर्यंत घासलं. मडकं लाल झळकायला लागलं. त्यात जास्वंदीचं फूल ठेवायचं सुचलं नाही, एवढीच देवाची कृपा.

सोमवारी ती टेबलापाशी थांबली. "मावशी, याला काळं होतं ना?"

"व्हतं की! लई चिवट. खांदे भरून आले, पण एक डाग ठेवला न्हाई."

ती खालीच बसली. मग हळू आवाजात सांगितलं, की त्या काजळीवरून आणि आत करपलेल्या थरावरून ती माणसं काय शिजवत होती ते कळणार होतं.

"आतलं पण घासलं?"

"आतलं तर आधी."

ती ओरडली नाही. संग्रहालयाच्या साहेबांना म्हणाली, "सूचना लिहून ठेवायला मीच विसरले." त्या दिवशीही अकराला दोन कप आले. मी मूर्ख, मला वाटलं निभावलं. पण काजळी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर इथं राहायचं कशाला? पंधरा दिवसांत तिनं खोकी बांधली. तिला दोन वर्षं थांबवणारी एकच वस्तू होती, आणि ती मीच राख लावून घासली होती.

"तुमचा दोष नाही, मावशी," ती जाताना म्हणाली.

"मग एक शिवी तरी द्या," मी म्हणाले. ती हसली आणि गाडीत बसली.

मडकं आता पुढच्या दालनात काचेत आहे. अधूनमधून एसटीनं जाऊन बघून येते. लोक म्हणतात, किती छान राखलंय! खाली चिठ्ठीवर लिहिलंय, 'स्वच्छ केलेले'. कुणी केले, ते लिहिलेलं नाही. ते दोघींना ठाऊक. एक काचेपुढं उभी असते. दुसरीचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. रोज भेटतेच की, पत्ता कशाला हवा, असं वाटलं होतं काचेपुढच्या शहाणीला.